आवाज बंद होतो तिथे

१

राधिकाच्या घरात शिव्यांना बंदी होती, आणि ही बंदी आणणारी बाई स्वतः शिव्यांच्या घरात लहानाची मोठी झाली होती. तिचे वडील गुरुनाथराव नागपूरला सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. कालव्यावरचे मजूर, खात्यातले साहेब, दारातलं कुत्रं आणि पोटची पोर या सगळ्यांशी ते एकाच भाषेत बोलत, आणि ती भाषा लिहून दाखवण्यासारखी नव्हती. शिवी नसलेलं एखादं वाक्य त्यांच्या तोंडून गेलंच, तर राधिकाची आई, शैलजाबाई, त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या.

आता राधिका न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहत होती. नवरा अमित रोज ट्रेनने न्यूयॉर्कला ऑफिसला जायचा, मुलगी सिया दुसरीत होती. एके दिवशी सियाच्या दप्तरातून बाईंची चिठ्ठी आली. सियाने वर्गात एक शब्द वापरला होता, आणि तो तिने कुठे ऐकला हे बाईंना जाणून घ्यायचं होतं. शब्द सिनेमातला होता. अमितला हसू आवरेना. राधिका मात्र त्याच शनिवारी कामाला लागली.

ती सॉफ्टवेअर टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा तिचा धंदाच होता. घरातले सगळे सिनेमे तिने एका जुन्या लॅपटॉपवर भरून ठेवले होते आणि टीव्हीवर ते तिथूनच लागत. त्या प्लेअरला जोडायचा एक फिल्टर तिला मिळाला. तो सिनेमाची सबटायटल्स वाचायचा, आपण दिलेल्या यादीतला शब्द जिथे येईल तिथे तेवढ्यापुरता आवाज बंद करायचा, आणि कुठे काय बंद केलं याची नोंद एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. चित्र चालू राहायचं, माणसांची तोंडं हलत राहायची, ऐकू काही यायचं नाही.

फिल्टर चालतो की नाही हे बघायला टेस्टर लोक असा शब्द घेतात, जो दुसरीकडे कुठे सापडणारच नाही. सापडला तर तो आपणच टाकलेला, याची खात्री. राधिकाने यादीच्या तळाशी टाइप केलं, ‘भैताड’. खुळं, वेडपट, असं काहीसं. नागपूरकडचा शब्द, आणि बाबांच्या सगळ्या साठ्यातला हाच काय तो सोज्वळ. फार प्रेम आलं की ते तो काढत. राधिका दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबून त्यांनी तिला हेच म्हटलं होतं. एका कार्टूनच्या सबटायटल्समध्ये तिने तो शब्द घुसवला, आवाज बरोबर तिथेच बंद झाला, मग कार्टूनमधून तो पुसला. यादीतून पुसायचा मात्र राहून गेला. टेस्टिंग झालं की आपला पसारा आवरावा, हे ती टीममधल्या नव्या मुलांना रोज बजावून सांगायची.

२

बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. जानेवारीत आई सहा महिन्यांसाठी पार्सिपनीला आली, तीन स्वेटर, मेतकुटाचे दोन डबे आणि घडी करून ठेवलेला बाबांचा मफलर घेऊन.

बाहेर गुडघाभर बर्फ. अमित सकाळी सातला जाई, सिया आठला बसने शाळेत जाई, आणि राधिका वरच्या खोलीत मीटिंगांमध्ये अडकून पडे. आई वरणभाताचा कुकर लावून, ओटा पुसून, दुपारी दोनच्या सुमाराला खालच्या खोलीत सोफ्याच्या एका टोकाला बसे आणि सिनेमा लावी. इंग्रजी तिला निम्मंच कळे, पण त्याने तिचं काही अडत नसे. कोर्टातले सिनेमे तिला फार आवडत. कोण खोटं बोलतंय ते चेहऱ्यावरून कळतं, असं तिचं म्हणणं.

शनिवारी आजी आणि नात मिळून बघत. त्या शनिवारी हरवलेल्या कुत्र्याचा एक सिनेमा लागला होता, अगदी बालवाडीतल्या मुलांनाही दाखवावा असा. राधिका स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मधेच आवाज गेला. दोन-तीन सेकंदांनी आला. थोड्या वेळाने परत गेला.

“मम्मा, इट्स ब्रोकन!” सिया ओरडली. “शी ओन्ली सेड डिनर इज रेडी!”

रात्रीची जेवणं झाल्यावर राधिकाने नोंदींची फाइल उघडली. अकरा नोंदी होत्या. अकराही ठिकाणी एकच शब्द होता, यादीच्या तळाचा. सबटायटल्समध्ये त्या वेळांना कुठे साधंसुधं वाक्य होतं, कुठे काहीच नव्हतं. अमेरिकेतल्या कुत्र्याच्या सिनेमात नागपूरचा शब्द कोण बोलणार?

चूक पुन्हा घडवून बघायची, हा टेस्टरचा पहिला नियम. तिने रविवारी सकाळी, सगळे झोपलेले असताना, तोच सिनेमा एकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. एकही नोंद पडली नाही. दुपारी आई येऊन शेजारी बसली तेव्हा परत लावला. चौदा पडल्या.

“अगं, बग असेल प्रोग्रॅममध्ये,” अमित म्हणाला. “लॅपटॉप किती जुना आहे तो, यार. नवा घेऊन टाक.”

राधिकाने मान डोलावली. पण नवा लॅपटॉप काही तिने घेतला नाही.

३

बुधवारी तिची दोनची मीटिंग कॅन्सल झाली. चहा करावा म्हणून ती जिना उतरू लागली आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबली, कारण खालचा टीव्ही एकदम गप्प झाला होता, आणि आई बोलत होती.

“ठेवला नं.” मग थोडं थांबून, “कपाटात, खालच्या कप्प्यात. मी बरी विसरीन?” परत थोडं थांबून आई हसली. “आता तुम्हाला कशाला हवा तो मफलर? थंडी वाजून राहिली का?”

टीव्हीवरचा वकील मोठ्याने काहीतरी म्हणाला. आवाज परत आला होता. राधिका खाली उतरली. आई सोफ्याच्या टोकाला बसली होती, मांडीवर हात, नजर पडद्यावर, चेहरा कसा धुतल्यासारखा.

“आई, कोणाशी बोलत होतीस?”

“कुठं काय? पिक्चर बघून राहिले मी.”

आईला खोटं बोलता येत नसे. तिचे कान लाल व्हायचे, आणि आत्ताही ते झाले होते.

राधिकाने त्या रात्री इंटरनेटवर नको ते सगळं वाचलं. म्हातारपणी माणसं भिंतीशी बोलतात, विसरतात, गेलेल्यांना हाका मारतात. दुसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात तिने आईची परीक्षाच घेतली. आज वार कोणता, सियाच्या बाईंचं नाव काय, नागपूरच्या घराचा जुना फोन नंबर कोणता. आईने सगळं अचूक सांगितलं, वर एकोणतीसचा पाढा न मागता म्हणून दाखवला आणि विचारलं, “अजून काय विचारायचं आहे? माझं डोकं जागेवर आहे, बाई. तू जेवलीस का ते सांग.”

डोकं जागेवर होतं, हीच तर पंचाईत होती.

४

मग राधिकाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आपल्याच आईच्या नकळत फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो सोफ्याशेजारच्या मासिकांखाली सरकवला. नंतर वाणसामानाच्या दुकानाबाहेर गाडी लावून, काचा बंद करून, कानात हेडफोन घालून तिने ते ऐकलं.

सिनेमाचा आवाज होता. त्यामागे तळघरातल्या हीटिंगची एकसारखी घरघर होती. हिवाळ्यात ती इतकी सवयीची होते की ऐकूच येत नाही. मग सिनेमा गप्प झाला, आणि आई म्हणाली, “सियाला दात आलेत नवे. समोरचे दोन.” मागे घरघर होती.

आई थांबली, आणि तिच्याबरोबर घरघरही थांबली.

राधिकाने रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि परत ऐकलं. आई बोलत असताना हीटिंग चालू होतं, फ्रिज हुंकारत होता, बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी जात होती. आई थांबली की यातलं काहीही नव्हतं. कोणीतरी घराचा, रस्त्याचा आणि सगळ्या गावाचा आवाज एका बोटाने बंद करावा तसं. चार सेकंद. मग आई म्हणायची, “हो, अगदी तुमच्या आईचेच दात,” आणि मागे घरघर सुरू.

सगळीच शांतता सारखी नव्हती. एखादी लहान असायची, हं म्हणण्याएवढी. एखादी लांबलचक, आणि तिच्या शेवटी आई हसायची. राधिकाने बारा वर्षं म्यूट झालेल्या कॉलवर घालवली होती. समोर कोणी बोलतच नसतं तेव्हाची शांतता आणि समोरचा बोलत असतो पण आपल्यापर्यंत पोचत नसतं तेव्हाची, यातला फरक तिला झोपेतही कळला असता.

तिने हेडफोन काढले. शेजारच्या गाडीत एक बाई पिशव्या ठेवत होती, तिच्याकडे बघून ओळखीचं हसली. राधिकाही हसली, आणि सामान न घेताच घरी आली.

५

फोनची चूक असेल. गोंगाट कमी करायला फोन स्वतःच आवाज गाळतात, हे तिला चांगलं माहीत होतं. ही समजूत तिने दोन दिवस घट्ट धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती दुपारी पावणेतीनला मीटिंगमधून उठली, जिन्यात येऊन बसली आणि गुडघ्यांना मिठी मारून वाट बघत राहिली. लहानपणी बाबा उशिरा घरी येत तेव्हा ती ओसरीच्या पायरीवर अशीच बसायची.

टीव्ही गप्प झाला. हीटिंगही गप्प झालं. ते या खेपेला तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“नाही हो,” आई हळू म्हणाली. “अजून नाही रडली ती.”

शांतता.

“चौदा महिने झाले तरी नाही. वरून हसते, काम करते, माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते. पण आतून दगड झाली आहे पोरगी.”

लांब शांतता.

“मलाही यावंसं वाटतं हो. पण तिला असं टाकून कशी येऊ? एकदा मोकळी होऊन रडू द्या तिला. मग निघूच आपण. मी काय नाही म्हणते?”

आई म्हणत होती ते खरं होतं. बाबा गेले तेव्हा व्हिसाचे कागद अडकलेले होते, आणि आत्ता देशाबाहेर पडलात तर परत यायला किती महिने लागतील सांगता येत नाही, असं वकील म्हणाला होता. सिया सहा वर्षांची होती. राधिका गेली नाही. चुलतभावाने फोन धरला आणि तिने बाबांना तेवढ्या चौकटीत बघितलं, मधला बराच वेळ तर भावाचा अंगठाच कॅमेऱ्यावर होता. त्यानंतर नऊची मीटिंग होती. ती मीटिंगला बसली. खंबीर आहेस हो, असं सगळे म्हणाले, आणि मग ती खंबीरच राहिली. बाबांचा शेवटचा फोन आला होता तेव्हाही ती म्हणाली होती, बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. हे तिने अमितलाही सांगितलं नव्हतं.

ती पाय न वाजवता वर गेली. फिल्टरची यादी उघडली. तळाच्या शब्दावर बोट क्षणभर थांबलं, मग तिने तो पुसून टाकला.

६

सिनेमे पुन्हा सुरळीत चालू लागले. शिव्या तेवढ्या गाळल्या जात, बाकी सगळं ऐकू येई. आई दोन वाजता सोफ्याच्या टोकाला बसे आणि पडद्याकडे न बघता शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राही.

चार दिवसांत तिने अर्धी पोळी कमी केली. मग वरणावर आली. मग तेही नको झालं. मेतकुटाचा डबा तसाच पडून राहिला. राधिका तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, सगळं वयाच्या मानाने उत्तम निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “इज शी लोनली?” राधिकाने ते मराठीत केलंच नाही, पण आईला कळलं असावं. परतीच्या वाटेवर गाडीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तू काढून टाकलंस न ते?”

राधिकाने ऐकू न आल्यासारखं केलं.

“आवाज बंद व्हायचा ते गं. काढलंस न?”

“बग होता तो, आई. फिक्स केला.”

“बरं,” आई म्हणाली. दोन सिग्नल मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. मग म्हणाली, “राधे, तुला घाबरवायला नव्हते येत ते. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांच्या शिव्यांवर जेवलेली बाई आहे. घर एवढं गप्प असलं की मला घास उतरत नाही.”

राधिकाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वायपर काचेवरचा भुरभुर बर्फ बाजूला करत होते.

“तू जाणार आहेस त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “ऐकलंय मी.”

“आज नाही जात.”

“मी रडले की जाणार.”

आईने तिच्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले नाहीत. “हो,” ती म्हणाली. “कधीतरी जायचंच आहे, बाई. पण ते म्हणतात, पोरगी अशी कोरडी असताना निघायचं नाही. मीही तेच म्हणते. बाकी सगळं तुझ्या हातात आहे.”

“मग मी नाहीच रडणार.”

“नको रडू,” आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी थोडीशी हसली. “पण बोलू तर दे मला त्यांच्याशी.”

घरी आल्यावर राधिका बराच वेळ लॅपटॉपसमोर बसून राहिली. शब्द नसला तर आई अशीच झिजत जाणार. शब्द असला तर आई जेवेल, हसेल, आणि सगळं आपल्या दोन डोळ्यांवर येऊन ठेपेल. अमितला सांगावं तर तो आपल्यालाच डॉक्टरकडे नेईल. सांगण्यासारखं तरी काय होतं? शेवटी तिने तो शब्द परत टाइप केला. त्या संध्याकाळी आईने मेतकूट-भात मागून घेतला, वर तूप जास्त घाल म्हणाली.

मग राधिकाने स्वतःला जपायला सुरुवात केली. कांदे अमितकडून चिरून घेतले. जुने फोटो असलेला फोन बदलला. सियाच्या शाळेतल्या गाण्याच्या कार्यक्रमात ती मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणत राहिली. आईचे केस विंचरताना, आईने वाढलेलं ताट बघताना, आईच्या चपला दाराशी दिसल्या तरी डोळे भरू लागायचे आणि ती घाईने दुसरीकडे बघायची. आयुष्यात कोणावर एवढं प्रेम तिने कधी केलं नव्हतं आणि ते एवढं लपवूनही ठेवलं नव्हतं.

७

मार्चच्या एका दुपारी आईने खालून हाक मारली. “राधिका, ये गं. बस जरा माझ्याजवळ.”

मीटिंग चालू होती. राधिकाने तोंड उघडलं, नंतर येते म्हणायला. ते शब्द जिभेवर आले आणि तिथेच थिजले. तिने लॅपटॉप मिटला आणि खाली गेली.

आई नेहमीच्या टोकाला होती. पडद्यावर कोर्ट भरलं होतं, कोणीतरी कोणालातरी उलटसुलट विचारत होतं. सियाची बस यायला अर्धा तास होता. राधिका सोफ्यावर न बसता खाली गालिच्यावर, आईच्या पायाशी बसली. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून टपटप गळत होता.

आवाज गेला. आधी कोर्टाचा, मग हीटिंगचा, मग त्या पन्हळीचा. खिडकीतून थेंब पडताना दिसत होते, ऐकू येत नव्हते.

“ही बघा, आली,” आई म्हणाली. “इथंच बसली आहे.”

मग आईने अंग जरा चोरलं आणि ती सोफ्यावर कडेला सरकली, कोणी मोठ्या अंगाचं माणूस बसायला आलं की सरकतो तेवढी. राधिकाच्या पाठीमागे सोफ्याची स्प्रिंग दबली. तिने मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला गादीला पडलेला खोलगट भाग दिसला, आणि त्याच्यापुढे गालिच्यावर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, लोकर दाबली जाऊन पसरट झालेली. दोन ठिकाणी. उजवीकडची जरा तिरकी. बाबांचा उजवा पाय कालव्यावरून पडल्यापासून तसाच तिरका पडायचा.

भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चाल करून येत होतं, आणि भीतीला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

शांतता लांबली. पडद्यावर न्यायाधीशबाई बोलत होत्या, वकील हात उडवत होता. इतकी लांब शांतता आजवर कधीच झाली नव्हती. कोणीतरी खूप दिवसांचं साठलेलं सांगत होतं, आणि राधिकापर्यंत त्यातलं अक्षरही पोचत नव्हतं.

“काय म्हणतात?” तिने विचारलं. तिचा आवाज चिरका निघाला.

“म्हणतात, त्या दिवशी फोन ठेवलास म्हणून मनाला लावून घेऊ नको. कामात होतीस.”

हे आईला माहीत नव्हतं. ते कोणालाच माहीत नव्हतं.

राधिकाने ओठ दातांखाली धरला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आणि मग तिच्या डोक्यावर, बरोबर भांगाच्या मागे, एक टपली बसली. बोटाच्या पेराने मारलेली, ना हळू ना जोरात. तशी टपली तिला फक्त एका माणसाने मारली होती, जाता-येता, आयुष्यभर.

तिने मान मागे टाकली आणि छताकडे बघत राहिली, डोळे भरलेल्या वाटीसारखे सांभाळत. छत धूसर झालं. आईने काही न बोलता पदराचं टोक तिच्या हनुवटीखाली धरलं, लहानपणी औषध पाजताना धरायची तसं.

“येऊ दे गं,” आई म्हणाली. तिच्या आवाजात घाई नव्हती, फक्त माया होती. “येऊ दे. किती दिवस धरशील?”

एक थेंब सुटलाच. तो डोळ्याच्या कडेने निघाला आणि कानाकडे ओघळला. खोलीतली ती शांतता जणू पुढे झुकली. आईचा पदर धरलेला हात कोणी धरून ओढावा तसा वर उचलला गेला.

“नाही!” राधिका म्हणाली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती आईशी नाही, त्यांच्याशी बोलली. “बाबा, नाही. हा धरायचा नाही. मी कच्चं लिंबू.”

कितीतरी वेळ काही झालं नाही. पन्हळीचे थेंब आवाजाशिवाय पडत राहिले. मग तिच्या डोक्यावरून आईचा हात फिरला, उबदार, जड, जिवंत, आणि आई खुदकन हसली.

“बरं, म्हणतात,” ती म्हणाली. “हा सोडला. पण एकच, म्हणाले.”